पिकअप वाट पाहत होती

हिमाचलातल्या खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून पुढे रस्ता नदीला हळूहळू खाली सोडतो आणि उघड्या, तापलेल्या खडकावरून वळणावळणांनी नाकोकडे चढत जातो. 25-30 किलोमीटरचं अंतर, साधारण हजार मीटरचा चढ, आणि वाटेत ना झाड ना झरा. मी एकटीच सायकलवर होते, आणि माझ्या दोन्ही बाटल्या दुपारी बाराच्या आतच संपल्या. नकाशावर नदी रस्त्याला चिकटून दिसत होती म्हणून मी पाणी कमी घेतलं होतं. नदी होतीच, पण कित्येकशे मीटर खाली दरीत.

एका वळणावर रस्त्याचं काम चाललं होतं. सात-आठ माणसं, त्यात दोघी बायका, आणि डांबराच्या पिंपांचा पत्रा सरळ करून केलेली हातभर सावली. त्यांच्यातल्या एकानं मला पाहिलं आणि काहीही न विचारता कोपऱ्यातला कॅन उचलून आणला. मी बाटल्या पुढे केल्या तर म्हणाला, "पहले पी लो, फिर भरते हैं." मी प्यायले. त्यानं दोन्ही बाटल्या काठोकाठ भरून दिल्या. बोलता बोलता कळलं की सगळे झारखंडातल्या दुमकाकडचे. उन्हाळ्यात येतात आणि बर्फ पडायच्या आत परततात. पाणी टिपरमधून सकाळी एकदा येतं, मग थेट संध्याकाळी.

संध्याकाळी नाकोला पोहोचून तळ्याकाठी बसले तेव्हा मला तो कॅन आठवला. माझ्या बाटल्या भरून झाल्यावर त्यात चार बोटं पाणी उरलं होतं, आणि त्यांना अजून पाच-सहा तास त्याच उन्हात काढायचे होते. तिथे उभी असताना हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी "धन्यवाद" म्हणाले आणि निघाले.

हे 2022 च्या सप्टेंबरातलं. रिकाँगपिओपर्यंत बसनं जायचं आणि तिथून सायकल : नाको, ताबो, काझा, लोसर, मग कुंझुम खिंड ओलांडून बातल, छत्रू, ग्राम्फू. मनालीकडून उलटं आलं तर दोन-तीन दिवसांत माणूस साडेचार हजार मीटरवर जाऊन पोहोचतो आणि डोकं धरून बसतो. किन्नौरच्या बाजूनं उंची हळूहळू वाढते, म्हणून हा रस्ता निवडला. सायकलवर दोन पॅनिअर (चाकाच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या), तंबू, स्टोव्ह, हत्यारं. सगळं मिळून 20 किलोच्या वर ओझं. आणि निघताना मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता : रिकाँगपिओ सोडल्यावर सायकल कुठल्याही गाडीत चढवायची नाही. जे करायचं ते आपल्या पायांनी, आपल्या सामानानं. वयाच्या पंचेचाळिशीत एकटीनं एवढा प्रवास करणार, तर तो पूर्ण आपला असावा असं मला फार वाटत होतं. या नियमाचं मला तेव्हा मोठं अप्रूप होतं.

एकट्या बाईनं अनोळखी माणसांवर विश्वास कसा ठेवायचा, हे मला परतल्यावर खूप जणींनी विचारलं. माझी खूण साधी होती. "कुठे चाललात?" हे सगळेच विचारतात, त्याचं उत्तर मी मोकळेपणानं द्यायचे. "रात्री कुठे राहणार?" हे पुरुषानं विचारलं तर "पुढे ओळखीचे आहेत" एवढंच. तेच एखाद्या बाईनं विचारलं तर खरं सांगायचं, कारण त्यानंतर बहुतेक वेळा काहीतरी उपयोगाचं कळायचं : पुढच्या गावात कुणाकडे खोली मिळेल, कुठल्या ठिकाणी थांबू नये. संशय घ्यावा असे प्रसंग आलेच नाहीत असं नाही. ताबोच्या अलीकडे एक गाडी बराच वेळ माझ्या मागे मागे येत राहिली. मी समोरच्या वाडीत वळले, जर्दाळूच्या झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्या बाईंजवळ जाऊन टेकले. त्यांना हिंदी फारसं येत नव्हतं. त्यांनी रस्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत माझा हात धरून ठेवला. एवढंच.

मलिंग नाल्याचं नाव किन्नौरात सगळे जपून घेतात, कारण तिथे डोंगरावरून दगड सुटत असतात. तिथे उभ्या असलेल्या कामगारानं नजर वरच्या उतारावर ठेवून मला हातानं थोपवलं, बराच वेळ तसंच उभं केलं, आणि मग एकदम, "अब जाओ. रुकना नहीं, पीछे देखना नहीं." मी गेले. त्याचा चेहराही मला नीट आठवत नाही.

ताबोला एक दिवस थांबले. 996 साली उभारलेला तिथला गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, बाहेरून मातीचा, साधा. आत अंधारात डोळे सरावले की भिंतींवर चित्रंच चित्रं. काझात दोन रात्री काढल्या. शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून एक दिवस सामान न घेता हिक्किमपर्यंत चढून आले आणि झोपायला खाली परतले. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केलं. तरी लोसरनं मला गाठलंच.

काझा ते लोसर हे 55-60 किलोमीटर मी एका दमात मारले, आणि वारा समोरून होता. पाणी प्यायला पाहिजे हे माहीत असून प्यायले नाही, कारण थंडीत तहान लागत नाही. लोसर 4,000 मीटरच्या वर आहे. गावात शिरताना डोक्यात मागच्या बाजूनं ठोके सुरू झाले. ज्या घरी खोली मिळाली तिथल्या आमानं, म्हणजे घरच्या म्हाताऱ्या बाईंनी, जेवायला वाढलं तेव्हा वासानंच मळमळलं. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणं ही विरळ हवा लागल्याची लक्षणं. मला ती पाठ होती. तरी मी म्हणाले, "कुछ नहीं, थकान है."

आमानं ऐकून घेतलं नाही. माझी पथारी खोलीतून उचलली आणि स्वयंपाकघरात तंदूरजवळ घातली. स्पितीत तंदूर म्हणजे खोलीच्या मध्यावरची पत्र्याची शेगडी, तिचं धुराडं छतातून वर गेलेलं. त्या भागात झाडं जवळजवळ नाहीतच. लाकूड बाहेरून येतं, शेण वाळवून ठेवावं लागतं, आणि घरांच्या छपरांवर कडेनं जी सरपणाची चळत दिसते ती पुढच्या हिवाळ्याची बेगमी असते. सप्टेंबरात रात्रभर तंदूर पेटता ठेवत नाहीत. आमानं ठेवला. दर थोड्या वेळानं ती उठायची, शेणाचा एक तुकडा आत टाकायची आणि मला हलवून विचारायची, "बेटी, नाम बोलो. घर में कौन कौन है?" मला वाटलं, म्हातारीला झोप येत नाही म्हणून गप्पा मारते आहे. पहाटे तिच्या सुनेनं सांगितलं की आजारी माणूस उत्तर द्यायला अडखळू लागला, बरळू लागला, की त्याला लगेच गाडीत घालून खाली न्यायचं. त्यासाठी शेजारच्याला रात्रीच सांगून ठेवलं होतं. तो कपडे न बदलता झोपला होता, गाडीची किल्ली उशाशी घेऊन.

खोलीचे पैसे ठरलेले होते आणि ते मी दिले. स्पितीत घरात पाहुणे ठेवणं हा आता रीतसर धंदा आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि पैसे देऊन मिळालेल्या आदरातिथ्याला परोपकार म्हणणं मला पटत नाही. पण रात्रभराचं सरपण, आमाची झोप आणि त्या शेजाऱ्याच्या उशाची किल्ली ठरलेल्या पैशांत नव्हती. मी वेगळे पैसे काढले तर तिनं माझी मूठ बंद केली.

"आज ऊपर नहीं जाना," एवढं मात्र ती ठामपणे म्हणाली. मी राहिले. दुपारपर्यंत डोकं उतरलं आणि मी त्यांच्याबरोबर शेतात गेले. स्पितीतला मटार देशातल्या इतर ठिकाणचा हंगाम संपल्यावर तयार होतो, म्हणून त्याला खाली चांगली मागणी असते. पण शेंग तोडली की घड्याळ सुरू होतं. पोत्यात ती गरम होते, पिवळी पडते, आणि मंडीत, म्हणजे घाऊक बाजारात, भाव उतरतो. संध्याकाळी तोडायचं, सकाळी भरायचं, आणि गाडीनं कुठेही न थांबता कुंझुम ओलांडून मनालीकडे सुटायचं. हे मला त्या दिवशी शेंगा तोडता तोडता सुनेनं समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी जे घडलं ते कळायला ही माहिती नसती तर मी फक्त "भला माणूस भेटला" एवढंच लिहिलं असतं.

पहाटे साडेपाचला लोसर सोडलं. कुंझुम तिथून 18-19 किलोमीटर. उंची 4,551 मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 57 टक्के असतो. शंभर पावलं पेडल, मग थांबा, मग परत शंभर. वर पोहोचले तेव्हा अकरा वाजत आले होते. कुंझुम मातेच्या देवळाला प्रत्येक गाडी फेरी घालून मगच पुढे जाते. मीही सायकल हातात धरून फेरी घातली. समोर चंद्रभागा शिखरांची रांग उभी होती. मी रडले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

बातलकडचा उतार म्हणजे दगड, खड्डे आणि वळणं. चौथ्या की पाचव्या वळणावर मागचं चाक एका घळीत गेलं, एक दगड उडाला आणि कट्‌ असा आवाज आला. गिअरचा हँगर तुटला होता. चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर ज्या बोटभर ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो तो हँगर. धक्का बसला तर फ्रेमऐवजी तो तुटावा अशीच त्याची रचना असते. जास्तीचा एक हँगर जवळ ठेवावा हे प्रत्येक अनुभवी सायकलस्वार सांगतो. माझा घरी ड्रॉवरमध्ये होता.

उपाय एकच : डिरेलर काढून टाकायचा, चेन कापून आखूड करायची, मागच्या मधल्या चक्रावर घालून जोडायची आणि एकाच गिअरवर चालवायची. चेन तोडायचं हत्यार माझ्याकडे होतं. पण चेनची दोन टोकं ताणून धरायला तिसरा हात लागतो, आणि माझी बोटं थंडीनं वळत नव्हती. मागून मटारची पोती लादलेली पिकअप आली आणि थांबली. तिशीतला ड्रायव्हर, सोबत विशीचा पोरगा. ड्रायव्हर उतरला, बघितलं आणि म्हणाला, "सायकल ऊपर डाल दो, बोरी के ऊपर. मनाली छोड़ देंगे."

"नको, नको," मी मराठीतच म्हणाले, मग हिंदीत, "मैं ठीक कर लूँगी."

त्यानं आग्रह केला नाही. गाडीतून तार आणली, पक्कडीनं वाकवून तिचे दोन आकडे केले आणि चेनची टोकं त्यांत अडकवून धरून ठेवली. मी पिन बसवली. पहिल्यांदा चेन एक कडी जास्त आखूड झाली, परत उघडावी लागली. पाऊण तास गेला. त्याच्या हातांत मोजे नव्हते; चेनचं काळं तेल आणि बोटांच्या सांध्यांवरच्या भेगा एकमेकांत मिसळून गेल्या होत्या. चेन जोडली गेल्यावर मी एक चक्कर मारून दाखवली. त्यानं पुन्हा विचारलं, "पक्का? आगे नाले हैं." मी म्हणाले, "पक्का."

बातलला चाचा-चाचींचा ढाबा आहे. बर्फात अडकलेल्या कित्येक माणसांना या वयस्कर जोडप्यानं तिथे आसरा दिला आहे, हे या वाटेवर सगळ्यांना माहीत आहे. 2018 च्या सप्टेंबरात अवेळी बर्फ पडलं आणि याच पट्ट्यात शेकडो लोक अडकून पडले, तेव्हाच्या गोष्टी अजून निघतात. मी तिथे राजमा-भात खाल्ला आणि पुढे निघाले. थोड्या वेळानं पिकअप मला ओलांडून गेली, पोरानं हात हलवला. मला समाधान वाटलं. सायकल चालत होती, नियम शाबूत होता.

बर्फाच्या नाल्यांचं गणित असं असतं. सकाळी पाणी घोट्याइतकं. दिवस चढला की वर हिमनदी वितळते आणि ते पाणी उतरत उतरत दुपारनंतर रस्त्यावर येऊन पोहोचतं. तीन-चारच्या सुमाराला तोच नाला मांडीपर्यंत येतो, तळाचे गोटे घरंगळवत. शहाणी माणसं हा पट्टा सकाळीच पार करतात. मीही तसंच ठरवलं होतं, पण हँगर आणि एकच गिअर यांत तीन तास गेले. चढ आला की उतरून ढकलावं लागत होतं. त्या नाल्यावर पोहोचले तेव्हा सव्वाचार झाले होते, आणि त्याचा आवाज मला अर्धा किलोमीटर आधीपासून येत होता.

अलीकडच्या काठावर मटारची पिकअप उभी होती. बॉनेट उघडं.

"गाड़ी खराब हो गई?" मी विचारलं.

"नहीं, नहीं. इंजन गरम हो गया था. ठंडा कर रहा हूँ."

त्या हवेत, त्या वाऱ्यात मला दोन जॅकेटं पुरत नव्हती. मी पाण्याकडे बघितलं. एका हातानं सायकल धरून त्यात पाय घालणं शक्य नव्हतं, आणि सामान काढून पाच खेपा करणं त्याहून अशक्य. तो काही बोलला नाही. बॉनेट बंद केलं, मागची फळी पाडली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. या वेळी मी "नको" म्हणाले नाही. पोरानं पॅनिअर उचलले, आम्ही दोघांनी सायकल पोत्यांवर चढवली, दोरी आवळली. मी केबिनमध्ये दाराशी बसले. मधोमध गाडी एका बाजूला कलली, चाक गोट्यावर घसरलं आणि पाणी दाराच्या पट्टीवरून आत आलं. ड्रायव्हर तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होता, बहुधा मातेचं नाव. मग पुढची चाकं वर चढली.

पलीकडे गेल्यावर तो टायर बघायला उतरला, तेव्हा पोरगा हळूच म्हणाला, "दीदी, इंजन को कुछ नहीं हुआ था. डेढ़ घंटे से आपका इंतज़ार कर रहे थे. बोले, मैडम अकेली है, ये नाला नहीं होगा."

मी मागे वळून काचेतून पोत्यांकडे बघितलं. काल तोडलेला मटार. पाऊण तास चेनसाठी, दीड तास नाल्यावर. मी कुंझुमच्या उतारावरच सायकल वर टाकली असती तर ही गाडी दोनच्या सुमाराला, पाणी चढायच्या आत, हा नाला ओलांडून गेली असती. माझ्या नियमाची किंमत मी भरते आहे असं मला आठ दिवस वाटत होतं. घामानं, पायांनी, दमानं. ती त्या माणसाच्या मालावर पडत होती. आणि हे मला कळू नये म्हणून त्यानं बॉनेट उघडून ठेवलं होतं.

छत्रूपर्यंत मी गाडीतच बसले. त्यानं विचारलंही नाही, मी सांगितलंही नाही. रस्ता हाडं खिळखिळी करणारा. पोरगा शेंगा सोलून मला देत होता आणि मी खात होते. इतका गोड कच्चा मटार मी आधी कधी खाल्ला नव्हता.

छत्रूला अंधार पडत होता. ड्रायव्हरनं स्वतःच ढाब्यावर जाऊन आत चौकशी केली, आत बायामाणसं आहेत हे बघितलं, आणि मग म्हणाला, "आप यहीं रुको. रात को मेरी गाड़ी में मत चलो, घरवाले चिंता करेंगे. यहाँ से नीचे सुबह बहुत गाड़ियाँ हैं." त्याला मात्र थांबून चालणार नव्हतं. मंडी पहाटे उघडणार होती.

मी पैसे काढले. तो मागे सरकला, दोन्ही हात वर करून, जणू मी त्याच्यावर काही उगारलं होतं. मी ते ठेवून दिले. मग मी पॅनिअर उघडून लोकरीचे जाड हातमोजे काढले, पिवळे, आईनं विणलेले. माझ्याकडचे तेवढेच उबदार होते, पण उद्या मला खाली उतरायचं होतं. मी ते पुढे धरले आणि तो नाही म्हणेल, मग मी आग्रह करीन, मग तो परत नाही म्हणेल, याची मनात तयारी केली.

त्यानं मोजे घेतले. "अच्छे हैं," म्हणाला. तिथल्या तिथे हातांत चढवले, बोटं उघडून मिटून बघितली, एकदा पोराला दाखवली. ना संकोच, ना "अरे, कशाला". त्याला थंडी वाजत होती आणि कुणीतरी मोजे देत होतं.

गाडी वळवताना केबिनमधला दिवा लागलेला होता. स्टिअरिंगवरचे ते दोन पिवळे हात मला पहिल्या वळणापर्यंत दिसत राहिले.